रोनन ओ’गारा : एका गुणाच्या अंतरावरची कारकीर्द

रोनन ओ’गारा (जन्म ७ मार्च १९७७) हे आयर्लंडचे ख्यातनाम माजी रग्बीपटू आणि फ्रान्समधील ला रोशेल क्लबला युरोपचे अजिंक्यपद दोनदा मिळवून देणारे प्रशिक्षक. आयर्लंडकडून १२८ आंतरराष्ट्रीय सामने व १,०८३ गुण, तर मन्स्टर प्रांताकडून २४० सामने व २,६२५ गुण, अशी त्यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीची मोजदाद आहे. युरोपीय क्लब रग्बीतील सर्वोच्च करंडक त्यांनी २००६ आणि २००८ मध्ये खेळाडू म्हणून, तर २०२२ आणि २०२३ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून जिंकला. मात्र या आकड्यांवरून त्यांची पूर्ण ओळख पटत नाही. त्यांच्या आयुष्यातील बहुतेक निर्णायक सामने एक, दोन किंवा तीन गुणांनी सुटले. काही त्यांच्या बाजूने, काही विरुद्ध. विरुद्ध गेलेल्या सामन्यांचे त्यांनी पुढे काय केले, यात त्यांच्या प्रशिक्षकपदाचे मूळ सापडते.

खेळाची तोंडओळख

रग्बी युनियन हा प्रत्येकी पंधरा खेळाडूंच्या दोन संघांमधील खेळ. चेंडू लंबगोल असतो. हाताने तो फक्त मागे किंवा आडवा देता येतो. पुढे न्यायचा तर घेऊन धावावे लागते किंवा लाथाडावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकवला की ‘ट्राय’चे ५ गुण मिळतात. त्यानंतर दोन खांबांमधून चेंडू मारण्याची संधी मिळते, ते ‘कन्व्हर्जन’. त्याचे २ गुण. प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या ‘पेनल्टी’चे ३, आणि खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टाकून उसळताक्षणी खांबांमधून मारलेल्या ‘ड्रॉप गोल’चेही ३ गुण.

ओ’गारा दहा क्रमांकाच्या, म्हणजे ‘फ्लाय-हाफ’च्या जागेवर खेळत. चेंडू पुढे कोणाकडे जाणार, धावायचे की लाथाडायचे, हे ठरविण्याचे काम या खेळाडूचे. गुणांसाठीच्या लाथाही बहुधा तोच मारतो. पंधरा जणांनी ऐंशी मिनिटे केलेल्या कष्टाचा हिशेब शेवटी त्याच्या एका पायावर येतो, आणि चूक झाली तर ती हजारो लोकांच्या देखत होते.

कॉर्क ते मन्स्टर

ओ’गारा यांचा जन्म अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात झाला. वडील सूक्ष्मजीवशास्त्राचे संशोधक. त्यांच्या कामानिमित्त कुटुंब त्या वेळी तेथे होते. बालपण आणि शिक्षण मात्र आयर्लंडच्या दक्षिणेकडील कॉर्क शहरात झाले. प्रेझेंटेशन ब्रदर्स कॉलेज ही शाळा, युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क आणि कॉर्क कॉन्स्टिट्यूशन हा क्लब अशा पायऱ्या चढत १९९७ मध्ये ते मन्स्टरच्या संघात दाखल झाले.

आयर्लंडमध्ये मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतांचे संघ व्यावसायिक रग्बी खेळतात. रग्बी युनियनने मानधनाचा खेळ अधिकृतपणे मान्य केला तो १९९५ मध्ये. ओ’गारा यांची पिढी या नव्या व्यवस्थेतील पहिली. मन्स्टरचा पाठीराखा वर्ग कॉर्क आणि लिमरिक या शहरांत पसरलेला आहे. लिमरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर एक रीत कटाक्षाने पाळली जाते : खांबांवर लाथ मारण्यासाठी खेळाडू उभा राहिला की सारे मैदान गप्प होते, मग तो खेळाडू पाहुण्या संघाचा का असेना. ओ’गारा यांचे तारुण्य त्या शांततेत चेंडूवर नजर रोखून गेले.

चार चुकलेल्या लाथा

युरोपातील क्लब व प्रांतांच्या हायनेकेन कप स्पर्धेत मन्स्टरने २००० मध्ये प्रथमच अंतिम फेरी गाठली. लंडनच्या ट्विकनम मैदानावर प्रतिस्पर्धी होता इंग्लंडचा नॉर्थॅम्प्टन. मन्स्टर ९-८ असा एका गुणाने हरला. ओ’गारा यांनी खांबांवर मारलेल्या चारही लाथा चुकल्या. त्यांतील शेवटची सामना संपत आला असताना. त्यांपैकी एक जरी साधली असती तरी करंडक कॉर्कला आला असता. तेव्हा त्यांचे वय २३ होते.

२००२ मध्ये मन्स्टर पुन्हा अंतिम फेरीत पोचला आणि लेस्टरकडून १५-९ असा पराभूत झाला. पुढच्या जानेवारीत मात्र थॉमंड पार्कवर अघटित घडले. गटातून पुढे जाण्यासाठी मन्स्टरला ग्लॉस्टरवर किमान चार ट्राय करून २७ गुणांच्या फरकाने विजय हवा होता. चौथा ट्राय अखेरच्या क्षणी झाला; त्यावरचे कन्व्हर्जन ओ’गारा यांनी साधले आणि गुणफलक ३३-६ वर थांबला. फरक बरोबर २७. आयर्लंडमध्ये हा सामना ‘चमत्काराचा सामना’ म्हणून ओळखला जातो.

करंडक हाती आला तो २००६ मध्ये. कार्डिफ येथे अँथनी फोली यांच्या नेतृत्वाखाली मन्स्टरने बियारित्झला २३-१९ असे हरविले. त्यांतील १३ गुण ओ’गारा यांचे होते. दोन वर्षांनी त्याच मैदानावर तुलूझला १६-१३ असे नमवून मन्स्टरने दुसऱ्यांदा अजिंक्यपद पटकावले. या वेळी त्यांचा वाटा ११ गुणांचा. या स्पर्धेत हजार गुणांचा टप्पा ओलांडणारे ते पहिले खेळाडू ठरले. २०१० मध्ये स्पर्धेच्या पहिल्या पंधरा वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली.

नॉर्थॅम्प्टनचा हिशेब चुकता होण्यास अकरा वर्षे लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये थॉमंड पार्कवर मन्स्टर एका गुणाने मागे होता आणि ऐंशी मिनिटे संपली होती. चेंडू मैदानाबाहेर गेला असता तर सामना तेथेच संपला असता. मन्स्टरच्या खेळाडूंनी तो सलग ४१ टप्पे आपल्या ताब्यात राखला आणि अखेर ओ’गारा यांनी दुरून ड्रॉप गोल साधला. निकाल २३-२१. पुढच्याच आठवड्यात कास्त्रविरुद्धही शेवटच्या क्षणी त्यांच्याच ड्रॉप गोलने मन्स्टर जिंकला.

आयर्लंडसाठी

आयर्लंडचा रग्बी संघ संपूर्ण बेटाचा असतो. प्रजासत्ताक आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड असा राजकीय भेद त्यात पाळला जात नाही. इंग्लंडकडून ५०-१८ असा दारुण पराभव झाल्यानंतर १९ फेब्रुवारी २००० रोजी स्कॉटलंडविरुद्ध पाच नवोदितांना संधी देण्यात आली. ओ’गारा त्यांपैकी एक. आयर्लंडने तो सामना ४४-२२ असा जिंकला, आणि त्या पाचांभोवती पुढील दशकाचा संघ उभा राहिला. २००४, २००६, २००७ आणि २००९ अशी चार वर्षे आयर्लंडने इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड या तिघांनाही हरवून ‘ट्रिपल क्राउन’ मिळविला.

२००७ मध्ये डब्लिनचे क्रोक पार्क रग्बीसाठी खुले झाले. हे मैदान गेलिक खेळांचे माहेरघर. १९२० च्या नोव्हेंबरात ब्रिटिश दलांनी येथेच गोळीबार करून नागरिकांचे बळी घेतले होते. त्यामुळे तेथे इंग्रजांचा मानला जाणारा खेळ खेळला जाणे ही राष्ट्रीय पातळीवरची घटना होती. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्या मैदानावर रग्बीतील ट्राय करणारे पहिले आयरिश खेळाडू ओ’गारा ठरले. सामना मात्र अखेरच्या मिनिटांत २०-१७ असा गमवावा लागला. पंधरवड्याच्या आत इंग्लंडचा त्याच मैदानावर ४३-१३ असा पराभव झाला.

त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा परमोच्च क्षण २१ मार्च २००९ रोजी कार्डिफ येथे आला. सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत पाचही सामने जिंकल्यास ‘ग्रँड स्लॅम’ होतो; आयर्लंडने तो केवळ एकदा, १९४८ मध्ये साधला होता. शेवटचा सामना वेल्सशी. पाच मिनिटे उरली असता स्टीफन जोन्स यांच्या ड्रॉप गोलने वेल्स १५-१४ असा पुढे गेला. सारे मैदान जाणून होते की आता चेंडू ओ’गारा यांच्याकडे जाणार. तो गेला, आणि त्यांनी ड्रॉप गोल साधला : १७-१५. शेवटच्या क्षणी वेल्सला मिळालेली पेनल्टी खांबांपर्यंत पोचली नाही. ६१ वर्षांची प्रतीक्षा संपली.

विश्वचषकाने मात्र त्यांना हुलकावणीच दिली. २००३, २००७ आणि २०११ या तिन्ही स्पर्धांत ते खेळले. पण आयर्लंड एकदाही उपांत्यपूर्व फेरीच्या पलीकडे गेला नाही.

दुखरी बाजू

ओ’गारा शरीराने दांडगे नव्हते. प्रतिस्पर्धी संघ आपले धिप्पाड खेळाडू मुद्दाम त्यांच्या दिशेने धाडत. ब्रिटन व आयर्लंड यांच्या संयुक्त ‘लायन्स’ संघातून त्यांनी २००१, २००५ आणि २००९ असे तीन दौरे केले. कसोटी खेळायला मिळाली ती दोनदाच, तीही बदली खेळाडू म्हणून.

त्यांतील दुसरी, २७ जून २००९ ची प्रिटोरिया येथील कसोटी, त्यांना कायमची चिकटली. दक्षिण आफ्रिकेच्या जाक फूरीला ते अडवू शकले नाहीत आणि ट्राय झाला. त्यानंतर २५-२५ अशी बरोबरी असताना अखेरच्या मिनिटात त्यांनी चेंडू बाहेर न घालवता उंच मारला, त्यामागे धावले आणि हवेत असलेल्या फूरी द्यू प्रीला धडकले. पेनल्टी मिळाली. मॉर्ने स्टेनने ती आपल्याच अर्ध्या भागातून साधली. लायन्स २८-२५ असे हरले आणि मालिकाही हातची गेली. ग्रँड स्लॅमला जेमतेम तीन महिने झाले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात क्रोक पार्कवर ८२,२०८ प्रेक्षकांसमोर लेन्स्टरने मन्स्टरला हायनेकेन कपच्या उपांत्य सामन्यात २५-६ असे लोळविले. लेन्स्टरचा ट्राय होताच त्यांचा तरुण फ्लाय-हाफ जॉनी सेक्स्टन जमिनीवर पडलेल्या ओ’गारा यांच्या तोंडावर ओरडला. राष्ट्रीय संघातील दहा क्रमांकाची जागा हळूहळू सेक्स्टनकडे गेली. २४ फेब्रुवारी २०१३ रोजी स्कॉटलंडविरुद्ध बदली म्हणून खेळलेला सामना ओ’गारा यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. आयर्लंड तो १२-८ असा हरला. त्यानंतर संघात स्थान मिळाले नाही. त्याच मे महिन्यात त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

पॅरिस : शिकाऊ प्रशिक्षक

प्रांताचा लाडका खेळाडू निवृत्त झाला की त्याच प्रांतात प्रशिक्षकाचे काम मिळणे ही आयर्लंडमधील सरळ वाट. ओ’गारा यांनी ती घेतली नाही. २०१३ मध्ये ते पॅरिसच्या रासिंग क्लबमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. सुरुवातीला लाथांचे कौशल्य शिकविणे हे काम. पुढे संघाच्या बचावाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ज्या अंगात ते खेळाडू म्हणून कच्चे मानले जात, नेमके तेच त्यांना इतरांना शिकवायचे होते, तेही परक्या भाषेत. रासिंगमध्ये त्यांच्या हाताखाली दोन हंगाम खेळलेला फ्लाय-हाफ होता जॉनी सेक्स्टन. क्रोक पार्कवरचे वैर तेथे मैत्रीत बदलले.

२०१६ च्या जूनमध्ये रासिंगने बार्सिलोनाच्या कँप नाऊ मैदानावर तुलाँला २९-२१ असे हरवून फ्रान्सच्या ‘टॉप १४’ साखळीचे अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मन्स्टरचा संघ रासिंगशी खेळण्यासाठी पॅरिसला आला. मन्स्टरचे प्रशिक्षक होते अँथनी फोली, २००६ च्या विजयाचे कर्णधार आणि निवृत्तीनंतर आपल्याच प्रांतात राहून प्रशिक्षक झालेले. १६ ऑक्टोबर रोजी, सामन्याच्या दिवशी, हॉटेलमध्ये त्यांचा मृत्यू झाल्याचे आढळले. वय ४२. सामना पुढे ढकलण्यात आला. एकाच संघातून निघून दोन भिन्न वाटांनी गेलेले हे दोन मित्र त्या दुपारी समोरासमोर उभे राहायचे होते.

क्राइस्टचर्च

२०१८ च्या हंगामासाठी ओ’गारा न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चच्या क्रुसेडर्स संघात गेले. मुख्य प्रशिक्षक होते स्कॉट रॉबर्टसन. उत्तर गोलार्धातील एखाद्या प्रशिक्षकाने दक्षिणेकडील बलाढ्य संघात दुय्यम पदावर शिकायला जाणे हे विरळा होते. २०१८ आणि २०१९ अशी दोन्ही वर्षे क्रुसेडर्सने सुपर रग्बी स्पर्धा जिंकली. मन्स्टरचा खेळ लाथांनी मुलूख जिंकून प्रतिस्पर्ध्याची कोंडी करण्याचा. येथे चेंडू हातात ठेवून, गडी पकडला गेला तरी पुढच्याकडे देत राहण्याचा. ओ’गारा यांनी ही दुसरी पद्धत आत्मसात केली. याच काळात, २०१८ मध्ये, जागतिक रग्बीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला.

ला रोशेल : पिवळ्या-काळ्यांचे दिवस

ला रोशेल हे फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरील, लाखाहून कमी वस्तीचे जुने बंदर. तेथील रग्बी क्लब १८९८ पासूनचा, पिवळ्या-काळ्या पोशाखाचा. २०१४ पासून तो टॉप १४ मध्ये टिकून होता. पण मोठा करंडक त्याने कधी पाहिला नव्हता. २०१९ मध्ये ओ’गारा तेथे मुख्य प्रशिक्षक झाले. रग्बी संचालक म्हणून न्यूझीलंडचे जोनो गिब्स त्यांच्या वर होते.

२०२१ मध्ये ला रोशेल दोन अंतिम सामने खेळला आणि दोन्ही तुलूझविरुद्ध हरला. युरोपीय स्पर्धेत, जिचे नाव आता चॅम्पियन्स कप झाले होते, निकाल २२-१७. टॉप १४ मध्ये १८-८. पहिला सामना ट्विकनमला झाला, जेथे एकवीस वर्षांपूर्वी त्यांच्या चार लाथा चुकल्या होत्या. त्या हंगामानंतर गिब्स गेले आणि संघाची सर्व सूत्रे ओ’गारा यांच्याकडे आली.

२८ मे २०२२ रोजी मार्सेय येथे ला रोशेल पुन्हा चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर होता लेन्स्टर, मन्स्टरचा सनातन प्रतिस्पर्धी. लेन्स्टरचे सर्व २१ गुण पेनल्टींचे होते. ला रोशेलने मागे असतानाही ट्रायचाच ध्यास धरला. एकोणऐंशीव्या मिनिटाला आर्थर रेतिएरने तिसरा ट्राय केला आणि सामना २४-२१ असा फिरला. क्लबचे हे पहिले मोठे अजिंक्यपद.

पुढच्या वर्षी, २० मे २०२३ रोजी, अंतिम सामना डब्लिनमध्ये, म्हणजे लेन्स्टरच्या अंगणातच झाला. पहिल्या बारा मिनिटांतच लेन्स्टरने १७-० अशी आघाडी घेतली. अशा वेळी बहुतेक संघ घाईला येतात. ला रोशेलने वजनदार आघाडीच्या फळीला पुढे करून एकेक पाऊल मुलूख परत मिळविला. मध्यंतराला १४-२३, आणि अखेर २७-२६. अंतर एका गुणाचे. या वेळी ते ओ’गारा यांच्या बाजूला पडले. चारच आठवड्यांनी फासा उलटला : टॉप १४ च्या अंतिम सामन्यात तुलूझने शेवटच्या मिनिटांतील ट्रायच्या जोरावर ला रोशेलला २९-२६ असे हरविले.

या यशाला गालबोटही आहे. पंचांविषयीच्या वर्तनावरून ओ’गारा यांच्यावर फ्रान्समध्ये अनेकदा शिस्तभंगाची कारवाई झाली; २०२२ मध्ये त्यांना काही आठवडे मैदानाच्या कडेपासून दूर राहावे लागले. खेळाडू असताना शेवटची लाथ स्वतःच्या पायात होती. प्रशिक्षकाला ती दुसऱ्याच्या हवाली करून काठावर उभे राहावे लागते, आणि ही असहायता त्यांना नेहमीच पचली असे म्हणता येणार नाही.

उतार आणि घरचा पाहुणा

२०२४ च्या एप्रिलमध्ये ला रोशेलने केपटाउन येथे स्टॉर्मर्सला २२-२१ असे, पुन्हा एका गुणाने, हरविले. पण पुढच्याच फेरीत लेन्स्टरने डब्लिनला त्यांचा ४०-१३ असा समाचार घेतला. २०२४-२५ चा हंगाम आणखी खडतर गेला. टॉप १४ मध्ये सातव्या क्रमांकावर राहिल्याने संघ बाद फेरीला मुकला.

त्याच हंगामात, एप्रिल २०२५ मध्ये, चॅम्पियन्स कपच्या बाद फेरीसाठी ला रोशेलच्या मैदानावर मन्स्टरचा संघ आला. ज्या लाल पोशाखात ओ’गारा सोळा हंगाम खेळले, त्याच पोशाखातील मुलांविरुद्ध त्यांना डावपेच आखायचे होते. सामना शेवटपर्यंत दोलायमान राहिला आणि मन्स्टरने तो २५-२४ असा जिंकला. कॉर्कच्या या सुपुत्राला आपल्याच प्रांताकडून एका गुणाने बाहेर पडावे लागले.

खेळाडू म्हणून त्यांचे काही विक्रम आता मोडले आहेत. आयर्लंडकडून सर्वाधिक गुणांचा त्यांचा विक्रम २०२३ च्या विश्वचषकात ओलांडला गेला. तो ओलांडणारा खेळाडू जॉनी सेक्स्टनच होता. प्रशिक्षक म्हणून एखाद्या राष्ट्रीय संघाची धुरा सांभाळण्याची इच्छा ओ’गारा यांनी कधी लपवलेली नाही. आयर्लंडमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून एकही हंगाम न घालविता ते आज युरोपातील सर्वाधिक यशस्वी आयरिश प्रशिक्षकांत गणले जातात. मन्स्टर असो वा राष्ट्रीय संघ, ते घरी कधी परतणार, हा प्रश्न कॉर्कमध्ये आजही विचारला जातो.